जुळत्या गुडघ्यांवरील शस्त्रक्रिया: ग्लासगो, नाशिक आणि नलगोंडा

प्रस्तावना

सांध्याच्या खालचा अवयव शरीराच्या मध्यरेषेपासून बाहेरच्या दिशेला झुकणे यास विकलांग चिकित्सेत ‘व्हॅल्गस’ विकृती असे म्हणतात. गुडघ्याच्या ठिकाणी हा दोष असला की उभे राहताना दोन्ही गुडघे एकमेकांस चिकटतात, घोटे मात्र दूर राहतात आणि चालताना गुडघ्यास गुडघा घासतो. टाचेच्या ठिकाणी असला की पावलाची कमान बसते व पाऊल आतल्या कडेने जमिनीस टेकते. अंगठ्याच्या ठिकाणी असला की अंगठा शेजारच्या बोटांवर कलतो आणि त्याच्या बुडाशी हाडाचा उंचवटा येतो. अभिजात लॅटिनमध्ये ‘व्हॅल्गस’ हा शब्द धनुष्याकृती पायांच्या माणसास, म्हणजे नेमक्या उलट दोषास, लावला जात असे. पुढे वैद्यकीय परिभाषेत त्याचा अर्थ पालटला आणि आजही वैद्यकाचे विद्यार्थी या शब्दाजवळ अडखळतात.

वैद्यकाच्या इतिहासलेखनात पटकी, देवी, प्लेग यांसारख्या साथींना जे स्थान मिळाले ते पायांच्या वक्रतेला मिळाले नाही. वाकड्या पायांनी माणूस मरत नाही, हे त्याचे उघड कारण होय. परंतु ज्याला उभ्याने काम करून पोट भरावयाचे आहे त्याच्या दृष्टीने पायांचा सरळपणा हा उपजीविकेचा प्रश्न असतो. मुलींच्या बाबतीत तर तो जिवाचा प्रश्न ठरे. ज्या मुडदुसाने पाय वाकतात त्याच मुडदुसाने कटिराची हाडेही विकृत होतात आणि पुढे प्रसूतीचा मार्ग अडतो. ग्लासगो येथे मर्डोक कॅमेरॉन यांनी १८८८ साली केलेल्या प्रसिद्ध सिझेरियन शस्त्रक्रियेमागे असेच मुडदूसग्रस्त कटिर होते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. व्हॅल्गस विकृतीवरील शस्त्रक्रियेच्या विकासाचे मुख्य टप्पे पाहणे.
२. या विकृतीच्या कारणांचा शोध कसा लागला, त्यात नाशिक येथील अभ्यासाचे स्थान कोणते, हे तपासणे.
३. शस्त्रक्रियेतील प्रगती व रोगकारणांचे निर्मूलन यांतील संबंध स्पष्ट करणे.

शस्त्रक्रियेच्या यशाचा इतिहास आणि विकृतीच्या निर्मूलनाचा इतिहास हे दोन वेगळे इतिहास आहेत, त्यांची गती एक नाही, आणि पहिल्याच्या तेजात दुसरा दिसेनासा होतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. शस्त्रक्रियेपूर्वीचे उपाय

मुडदुसाचे पहिले सविस्तर वैद्यकीय वर्णन सतराव्या शतकातील इंग्लंडशी निगडित आहे. डॅनियल व्हिसलर यांनी १६४५ साली लायडन विद्यापीठात त्यावर प्रबंध सादर केला आणि १६५० मध्ये फ्रान्सिस ग्लिसन यांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. हाडे मऊ होतात व भाराने वाकतात, हे त्यामुळे सर्वमान्य झाले. ती मऊ का होतात, हे मात्र पुढील पावणेतीनशे वर्षे अनिर्णित राहिले.

१७४१ साली पॅरिस येथील निकोला आंद्री यांनी ‘ऑर्थोपेडी’ या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘सरळ’ व ‘बालक’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्यांनी हे नाव बनविले होते. या ग्रंथातील एका चित्रात वाकड्या बुंध्याचे रोप सरळ खुंटास दोरीने बांधलेले दाखविले आहे. पुढे हे चित्र विकलांग चिकित्सेचे जगभरातील बोधचिन्ह झाले. आंद्री यांनी हा ग्रंथ आईबापांसाठी लिहिला होता. मुलाच्या वाकड्या पायावर लोखंडी पट्टी ठेवून कापडाने हळूहळू आवळत न्यावे, म्हणजे रोपाप्रमाणे पायही सरळ वाढेल, असे त्यांचे सांगणे होते. १७८० मध्ये स्वित्झर्लंडमधील ऑर्ब येथे झाँ आंद्रे व्हेनेल यांनी विकृत अवयवांच्या मुलांसाठी संस्था उभारली, तेथेही बंध, पट्ट्या व पादत्राणे यांवरच भर होता. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी जुळत्या गुडघ्यांसाठी लोखंडी आधार तयार केला.

या उपायांचे यश तपासताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. साधारणतः तीन-चार वर्षांच्या निरोगी मुलांचे गुडघे काही प्रमाणात जुळलेलेच असतात आणि सात-आठ वर्षांपर्यंत ते आपोआप प्रौढांच्या स्थितीला येतात. फिनलंडमधील सालेनियस व व्हांका यांनी १९७५ साली मोठ्या संख्येने मुलांची मोजमापे घेऊन हा क्रम स्पष्ट केला. त्यामुळे पट्ट्यांनी बरे झालेल्यांपैकी अनेक मुले पट्ट्यांविनाही बरी झाली असती, असे अनुमान काढण्यास आधार मिळतो. खऱ्या मुडदुसाने वाकलेले व पुढे कठीण झालेले हाड मात्र पट्टीला दाद देत नसे.

अशा हाडांसाठी युरोपातील शल्यविशारदांनी बळाचा मार्ग अवलंबिला. लिआँ येथील देलोर हे भूल दिलेल्या मुलाचा पाय हातांच्या जोराने एकदम सरळ करीत. बोलोन्याच्या रिझोली यांच्या नावाने हाड मोडण्याचे यंत्र प्रसिद्ध झाले, आणि लिआँ येथे रोबँ यांनी जुळत्या गुडघ्यांसाठी तसेच यंत्र वापरले. या पद्धतीत त्वचा फाटत नसे, म्हणून जखम चिघळण्याची भीती नसे. हाड कोठे मोडेल आणि सांध्याचे बंध तुटतील की नाही, यांवर मात्र शल्यविशारदाचे पूर्ण नियंत्रण नसे.

२. हाड कापण्याचे धाडस

हाड शस्त्राने कापून सरळ करण्याची कल्पना जुनी होती. फिलाडेल्फिया येथे जॉन ऱ्ही बार्टन यांनी १८२६ साली एका खलाशाच्या ताठर झालेल्या खुब्याजवळ मांडीचे हाड कापले होते. त्या काळी भूल नव्हती. ईथरचा जाहीर प्रयोग १८४६ मध्ये झाला व क्लोरोफॉर्मचा वापर १८४७ मध्ये सुरू झाला. वेदनेचा प्रश्न त्यामुळे सुटला तरी जखम चिघळण्याचा प्रश्न कायम होता. त्वचा फाटून हाड उघडे पडणारा अस्थिभंग हा त्या काळी अवयव गमावण्याचे किंवा मृत्यूचे निमित्त होई. वाकड्या पायाचे हाड छिन्नीने कापणे म्हणजे असाच अस्थिभंग हेतुपुरस्सर घडवून आणणे होय. ज्या मुलाच्या जिवाला विकृतीपासून धोका नाही त्याला केवळ सरळ चालता यावे म्हणून या संकटात लोटावे काय, हा प्रश्न विवेकी शल्यविशारदास थोपवून धरण्यास पुरेसा होता. बर्लिनचे लांगेनबेक यांनी लहानशा छिद्रातून हाड कापण्याची पद्धत काढली ती याच भीतीपोटी.

१८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत जोसेफ लिस्टर यांनी एका अकरा वर्षांच्या मुलाच्या पायाच्या उघड्या अस्थिभंगावर कार्बॉलिक अम्लाची पट्टी बांधली व जखम न चिघळता भरून आली. त्यांचे लेख १८६७ मध्ये ‘लॅन्सेट’मधून प्रसिद्ध झाले. उघड्या अस्थिभंगाची भीती कमी होताच हाड कापण्याचे धाडस शक्य झाले. जर्मनीत फोल्कमान यांनी पूतिरोधक पद्धतीने अस्थिछेदन केले. स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८७६ साली जुळत्या गुडघ्याच्या रुग्णात मांडीच्या हाडाचा आतील गोळा करवतीने तिरका कापून वर सरकवला. पाय सरळ झाला, पण करवत गुडघ्याच्या सांध्यात शिरत होती. सांध्यात पू झाल्यास गुडघा कायमचा ताठर होण्याची किंवा पाय गमावण्याची वेळ येई. याच ऑग्स्टन यांनी पुढे पुवातील जंतूंचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून १८८० मध्ये आपले निष्कर्ष मांडले आणि १८८२ मध्ये ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले.

त्याच सुमारास व्हिएन्नात बिल्रोट यांचे साहाय्यक योहान मिकुलिच विकृतीचे नेमके स्थान शोधत होते. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेषा काढली तर निरोगी पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून जाते. जुळत्या गुडघ्यात ती बाहेरच्या बाजूस सरकते. मिकुलिच यांचे हे विवेचन १८७९ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. हाडाचा वाक बहुतांशी सांध्याच्या गोळ्यात नसून त्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकात असतो, हे त्यातून दिसून आले. दोष जेथे आहे तेथेच हाड कापावे, सांध्याला हात लावण्याचे कारण नाही, हा निष्कर्ष त्यातून सहज निघतो.

३. मॅक्यूअन यांची पद्धत

हा निष्कर्ष प्रत्यक्षात उतरविण्याचे श्रेय विल्यम मॅक्यूअन (१८४८–१९२४) यांच्याकडे जाते. ते ग्लासगो येथे लिस्टर यांचे विद्यार्थी होते व पुढे त्याच इन्फर्मरीत शल्यविशारद झाले. १८७८ मध्ये त्यांचे या विषयावरील व्याख्यान ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि १८८० मध्ये अस्थिछेदनावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जुळते गुडघे, धनुष्याकृती पाय व पायांच्या अन्य अस्थिविकृती यांच्या कारणांचाही विचार करण्याचे आश्वासन त्या ग्रंथाच्या नावातच आहे.

मॅक्यूअन यांची पद्धत समजावून घेण्यासारखी आहे. रुग्णाचा पाय वाळूच्या उशीवर ठेवला जाई. वाळू पायाच्या आकाराप्रमाणे बसते आणि मोगरीचा घाव शोषून घेते. गुडघ्याच्या वर, मांडीच्या आतील बाजूस लहान छेद घेऊन त्यातून छिन्नी हाडापर्यंत नेली जाई. गुडघ्याचा सांधा व हाडाच्या वाढीचा कूर्चेचा थर हे दोन्ही या जागेच्या खाली सुरक्षित राहत. हाडाच्या जाडीचा आतील मोठा भाग छिन्नीने कापून बाहेरचा थोडा भाग तसाच ठेवला जाई आणि मग हाताने पाय सरळ केला जाई. त्यानंतर हाड जुळून येईपर्यंत पाय लाकडी फळ्यांत बांधून ठेवीत.

या सर्वांत हत्याराचे महत्त्व मोठे होते. सुताराच्या पटाशीची धार एकाच बाजूने उतरती असते, त्यामुळे ती खोल जाताना एका बाजूस वळते व लाकडाचा तुकडा काढते. मॅक्यूअन यांनी दोन्ही बाजूंनी सारखी उतरती धार असलेली, मूठ व पाते एकाच पोलादात घडविलेली छिन्नी करवून घेतली. ती पाचरीप्रमाणे सरळ आत जाते. आरंभी जाड व नंतर क्रमाने पातळ छिन्न्या वापरल्याने त्या हाडात अडकत नसत. एकसंध पोलादाचा आणखी एक लाभ होता. लाकडी मुठीच्या फटींत घाण राहते. पोलादी हत्यार उकळून निर्जंतुक करता येते.

१८८४ पर्यंत मॅक्यूअन यांच्या अस्थिछेदनांची संख्या सुमारे १८०० झाली होती. एकाच मुलाच्या दोन्ही पायांत, कधी मांडीच्या व नडगीच्या अशा दोन्ही हाडांत छेद घ्यावा लागे, म्हणून हा आकडा रुग्णांचा नाही. तरीही दहा वर्षांपूर्वी जी शस्त्रक्रिया करण्यास शल्यविशारद धजत नव्हते ती आता नित्याची झाली होती.

या आकड्याचे दोन अर्थ संभवतात. शल्यतंत्राच्या इतिहासात तो कौशल्याचा विजय म्हणून नोंदविला जातो, आणि ते यथार्थच आहे. पण एका शहरात, एका शल्यविशारदाच्या हाताखाली इतकी वाकडी हाडे आली कोठून? जहाजबांधणी व कापडगिरण्यांच्या त्या शहरात मजुरांची कुटुंबे उंच, दाटीवाटीच्या चाळींत राहत. अंगणे अरुंद होती आणि आकाशात कोळशाचा धूर होता. मॅक्यूअन यांची रुग्णसंख्या हा त्या शहराच्या अनारोग्याचाही दप्तरात राहिलेला पुरावा होय.

४. कारणांचा शोध: ग्लासगो ते नाशिक

शस्त्रक्रिया परिपूर्णतेस पोहोचत असतानाच कारणांविषयी पुरावा जमू लागला होता. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या पाहणीवर आधारित आयझम्बार्ड ओवेन यांचे नकाशे १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुडदूस औद्योगिक शहरांत दाटलेला आहे आणि शेतीच्या मुलखात विरळ आहे, असे त्यांत दिसत होते. जपानमध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून राहिलेले थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्ये निरनिराळ्या देशांतील माहिती एकत्र करून सूर्यप्रकाशाचा अभाव हे मुडदुसाचे मुख्य कारण होय असे मांडले व मुलांना ऊन देण्याचा उपाय सुचविला. या लेखाकडे सुमारे तीस वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ज्या काळात छिन्नीचा गौरव होत होता त्याच काळात फुकट मिळणाऱ्या उन्हाचा उपाय दुर्लक्षित राहिला, ही नोंद महत्त्वाची आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन पक्ष पडले. ग्लासगोचे लेनर्ड फिंडले यांनी १९०८ मध्ये कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून कोंडून ठेवणे हे कारण असल्याचे प्रतिपादिले. १९१८ साली मार्गारेट फर्ग्युसन यांचा ग्लासगोमधील कुटुंबांचा सामाजिक व आर्थिक अभ्यास प्रसिद्ध झाला, तोही घरांची दाटी व मोकळ्या हवेचा अभाव यांकडे बोट दाखवीत होता. दुसरीकडे एडवर्ड मेलनबी यांनी १९१८–१९ मध्ये घरात ठेवलेल्या पिलांना ठराविक आहार देऊन मुडदूस उत्पन्न केला व कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टाळून दाखविला. त्यामुळे आहार हेच कारण असे त्यांचे मत झाले. १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी जंबुपार किरणांच्या दिव्याने मुडदूस बरा केला. युद्धोत्तर व्हिएन्नातील उपासमारीच्या वर्षांत हॅरिएट चिक यांच्या गटाने तेल व ऊन हे दोन्ही उपाय लागू पडतात हे रुग्णालयात सिद्ध केले. १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी तेलातील त्या घटकास ‘ड’ जीवनसत्त्व असे नाव दिले.

याच वर्षी या वादात महाराष्ट्रातील पुरावा दाखल झाला. एच. एस. हचिसन व एस. जे. शाह यांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील नाशिक येथे केलेला मुडदुसाचा अभ्यास १९२२ साली इंग्लंडमधील वैद्यकीय त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. नाशिकला ऊन मुबलक. केवळ हवामानावरून पाहिले तर तेथे मुडदूस आढळण्याचे कारण नव्हते. परंतु तो आढळला, आणि तोही मुख्यतः पडदा पाळणाऱ्या सुस्थित मुसलमान व हिंदू घरांत, जेथे माता व तान्ही मुले घराच्या आतील भागातच दिवस काढीत. याउलट ज्या गरीब स्त्रिया मुलांना बरोबर घेऊन उघड्यावर कष्ट करीत त्यांची मुले, आहार निकृष्ट असूनही, या रोगापासून बहुतांशी मुक्त होती.

ग्लासगोत मुडदूस हा दारिद्र्याचा रोग होता, नाशिकात तो प्रतिष्ठेचा रोग ठरला. वरवर परस्परविरुद्ध दिसणारी ही दोन चित्रे एकाच कारणाने जुळतात. एका ठिकाणी धूर व दाटी यांनी ऊन अडविले, दुसऱ्या ठिकाणी रूढीने अडविले. ज्या स्त्रियांना व मुलांना घराबाहेर पडण्याचे स्वातंत्र्य नव्हते त्यांच्या हाडांवर त्या रूढीची खूण उमटली होती. या दृष्टीने नाशिकचा हा अभ्यास वैद्यकाच्या अभ्यासकांइतकाच महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनीही विचारात घेण्याजोगा आहे.

या कथेचा आणखी एक अध्याय पुन्हा ग्लासगोत घडला. बालकांचा आहार सुधारल्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील मुडदूस ओसरला होता. परंतु १९६२ मध्ये डनिगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील पाकिस्तानी वंशाच्या स्थलांतरितांत उशिराचा मुडदूस व अस्थिमृदुता आढळल्याचे प्रसिद्ध केले. उत्तरेकडील मंद ऊन, अंगभर वस्त्रे व विशिष्ट आहार यांचा तो संयुक्त परिणाम होता. १९७९ पासून तेथे ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब विनामूल्य देण्याची मोहीम सुरू झाली आणि तिचा चांगला परिणाम नोंदविला गेला.

५. पाऊल आणि अंगठा

पावलांच्या व्हॅल्गस विकृतींतही हाच दुहेरी क्रम दिसतो. ऑग्स्टन यांनीच १८८४ मध्ये सपाट पावलावर शस्त्रक्रिया सुचविली. तीत कमानीच्या माथ्यावरील सांध्याची कूर्चा काढून हाडे हस्तिदंती खुंट्यांनी जोडली जात. १९५२ मध्ये बॉस्टनच्या ग्राइस यांनी पोलिओने लुळ्या झालेल्या मुलांच्या पावलांसाठी घोट्याखालील हाडांत अस्थीचा तुकडा बसविण्याची पद्धत मांडली. पोलिओ असेपर्यंत अशा शस्त्रक्रियांची गरज राहिली. भारतात पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व २०१४ च्या मार्चमध्ये देशास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. शस्त्राला जे साधत नव्हते ते लशीने साधले: रुग्णच येईनासे झाले.

अंगठ्याच्या विकृतीस १८७० च्या सुमारास कार्ल ह्यूटर यांनी ‘हॅलक्स व्हॅल्गस’ हे नाव दिले. तत्पूर्वी जवळजवळ शतकभर आधी, १७८१ मध्ये, डच शरीररचनाशास्त्रज्ञ पेट्रस काम्पर यांनी जोड्यांच्या योग्य आकारावर पुस्तिका लिहून तत्कालीन पादत्राणांस दोष दिला होता. शस्त्रक्रियांची रांग मात्र लांबतच गेली. रेव्हर्डां (१८८१), केलर (१९०४), मॅकब्राइड (१९२८), लॅपिडस (१९३४) अशी नावे त्यात येतात. एकाच दोषासाठी इतक्या पद्धती निघाव्यात, यावरून एकही पूर्णपणे समाधानकारक नव्हती असे म्हणता येते. १९५८ मध्ये हाँगकाँग येथील चिनी लोकांच्या पाहणीत जोडे वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांत, तर अनवाणी राहणाऱ्यांपैकी केवळ १.९ टक्के लोकांत हा दोष आढळला. आनुवंशिकतेचा वाटा नाकारता येत नसला तरी निमुळत्या जोड्याचा प्रभाव या आकड्यांतून स्पष्ट होतो.

६. वाढीस वळण

विसाव्या शतकात शस्त्रक्रियेची दिशाही बदलली. ह्यूटर व फोल्कमान यांनी १८६२ मध्ये असे निरीक्षण मांडले होते की, हाडाच्या वाढीच्या थरावर दाब वाढला की त्या बाजूची वाढ मंदावते. जुळत्या गुडघ्यात बाहेरच्या बाजूवर अधिक भार येतो, तेथील वाढ खुंटते आणि वाक आणखी वाढतो. हेच तत्त्व उलट वापरता येते. शिकागोच्या फेमिस्टर यांनी १९३३ मध्ये वाढीचा थर एका बाजूने कायमचा बंद करण्याची पद्धत सांगितली. १९४९ मध्ये ब्लाउंट व क्लार्क यांनी धातूचे आकडे बसवून वाढ तात्पुरती रोखण्याचा मार्ग दाखविला आणि २००७ मध्ये स्टीव्हन्स यांनी दोन स्क्रूंची लहान पट्टी प्रचारात आणली. आतल्या बाजूची वाढ काही महिने रोखली की बाहेरची बाजू वाढून पाय सरळ होतो आणि मग पट्टी काढून घेतात. वाढते हाड न कापता वळविण्याचा हा मार्ग आंद्री यांच्या रोपाच्या कल्पनेशी नाते सांगतो. वाढ पूर्ण झालेल्या रुग्णात मात्र आजही अस्थिछेदनच करावे लागते आणि त्याची मूळ कल्पना मॅक्यूअन यांचीच आहे.

७. नलगोंडा: पाण्यातून आलेली विकृती

भारतात या विकृतीस वेगळे वळण लागले. १९७३ साली हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचे कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनी तेव्हा आंध्र प्रदेशात व आता तेलंगणात असलेल्या नलगोंडा जिल्ह्यातील, पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असलेल्या गावांत किशोरवयीनांचे गुडघे जुळत असल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये कळविले. फ्लोरोसिस त्या भागात आधीपासून होता. गुडघ्यांची ही विकृती हे त्याचे नवे रूप होते. नागार्जुनसागर धरणानंतर (लोकार्पण १९६७) भूजलाची पातळी वाढली, जमीन अधिक अल्कधर्मी झाली, ज्वारीत मॉलिब्डेनमचे प्रमाण वाढले व त्यामुळे शरीरातील तांबे कमी झाले, अशी साखळी कृष्णमाचारी यांनी उपपत्ती म्हणून मांडली. शेतीला पाणी देणाऱ्या योजनेचा परिणाम गावच्या मुलांच्या गुडघ्यांवर होऊ शकतो, हा विचार त्या काळी नवा होता.

येथे शस्त्रक्रियेची मर्यादा विशेष स्पष्ट होते. कापून सरळ केलेले हाड ज्या शरीरात आहे ते शरीर तेच पाणी पीत राहिले तर रोगाचे कारण जागच्या जागी राहते आणि घरातील धाकटे भावंड त्याच वाटेवर असते. त्यामुळे खरा उपाय पाण्यावरच करावा लागतो. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, सत्तरच्या दशकात चुना, तुरटी व ब्लीचिंग पावडर यांच्या साहाय्याने फ्लोराइड काढण्याची पद्धत विकसित केली. ती ‘नलगोंडा पद्धत’ या नावाने ओळखली जाते. साहित्य गावात मिळण्याजोगे आहे. पण तुरटीचे प्रमाण पाण्याप्रमाणे बदलावे लागते, साका रोज काढावा लागतो आणि देखरेख नसेल तर यंत्रणा बंद पडते. तेलंगणात २०१६ पासून मिशन भगीरथ योजनेखाली नळाने प्रक्रिया केलेले पाणी पुरविले जाऊ लागले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे व दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील फ्लोराइड ही मान्य झालेली समस्या आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. जुळत्या गुडघ्यांवरील अस्थिछेदन भूल, पूतिरोधन, विकृतीच्या स्थानाचे अचूक मोजमाप व योग्य हत्यार या चार गोष्टी एकत्र आल्यावरच सुरक्षित झाले. मॅक्यूअन यांचे मोठेपण त्या एकत्र आणण्यात आहे.

२. १८८० मध्ये शस्त्रक्रिया परिपक्व झाली, पण कारण १९२२ पर्यंत निश्चित झाले नाही. या मधल्या काळात वाकड्या पायांच्या मुलास शस्त्राखेरीज खात्रीचा आधार नव्हता, म्हणून त्या पिढीतील शल्यविशारदांस दोष देणे अन्यायाचे ठरेल. पाम यांच्यासारख्यांचे म्हणणे दुर्लक्षित राहण्याची जबाबदारी मात्र सबंध वैद्यकीय व नागरी व्यवस्थेवर येते.

३. नाशिकच्या अभ्यासाने रोगकारणाचा संबंध केवळ दारिद्र्याशी नसून मोकळ्या उन्हात वावरण्याच्या संधीशी आहे, हे दाखविले. स्त्रियांच्या संचारस्वातंत्र्याचा प्रश्न त्यामुळे आरोग्याचा प्रश्नही ठरतो.

४. मुडदूस, पोलिओ व फ्लोरोसिस या तिन्ही उदाहरणांत विकृतीची संख्या कमी करण्याचे काम ऊन, लस, आहार व पाणी यांच्यामार्फत झाले किंवा व्हावयाचे आहे. शस्त्रक्रिया झालेल्या विकृतीचे परिमार्जन करते. होणाऱ्या विकृतीस ती रोखू शकत नाही.

शल्यगृहात येणाऱ्या जुळत्या गुडघ्यांची संख्या कोणत्या गावातून, कोणत्या घरांतून व कोणत्या विहिरीवरून येते याची नोंद शस्त्रक्रियेच्या नोंदीइतकीच काळजीपूर्वक ठेवली गेली, तर पुढील पिढीस त्या शल्यगृहाची गरज कमी भासेल. ग्लासगोतील १८०० अस्थिछेदनांकडे शंभराहून अधिक वर्षांनंतर पाहताना इतिहासाच्या अभ्यासकास दिसणारे हे त्यांचे दुसरे मूल्य होय.